फुटर जोडला की डीकेआयएम मोडतं: पोस्टफिक्सवर पुन्हा पुन्हा येणारी अडचण

कंपनीच्या प्रत्येक मेलखाली नाव, पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) आणि गोपनीयतेची सूचना, म्हणजेच फुटर, आपोआप लागावा, म्हणून पोस्टफिक्सला (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम) एखादा फिल्टर जोडला जातो. सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. मग तक्रारी येऊ लागतात. काही ग्राहकांकडे मेल स्पॅममध्ये जाते, काहींकडे पोहोचतच नाही, कुठे फुटर दोनदा दिसतो, तर कुठे मराठी मजकुरात मध्येच चौकोन उमटतात. कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, थोडे दिवस बरे जातात आणि तीच तक्रार परत येते.

पुण्यात मी छोट्या कार्यालयांचे मेल सर्व्हर सांभाळतो: भोसरीतले सुटे भाग बनवणारे कारखाने, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे प्रकाशक, पेठांमधल्या पतसंस्था. प्रत्येक ठिकाणी तक्रारीचं रूप वेगळं असतं, पण खोलात गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. मेलवर डीकेआयएमची सही (मेल वाटेत बदलली नाही हे दाखवणारी, पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) झाल्यानंतर कोणीतरी त्या मेलला हात लावलेला असतो. तो हात कोणाचा, हे शोधलं की अडचण कायमची सुटते. ते न शोधता केलेला प्रत्येक उपाय तात्पुरता ठरतो.

‘मग फुटरच काढून टाका’ असा सल्ला बरेच जण देतात. कंपन्यांना तो मानवत नाही आणि त्याला कारण आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन, ईमेल वगैरे छापावं लागतं. त्यामुळे बऱ्याच कंपन्या हाच मजकूर मेलच्या तळाशीही ठेवतात. ही गरज खरी आहे असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

एक सूचना आधीच. खाली सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत. कॉन्फिग फाइलमध्ये ती रोमन स्पेलिंगनेच लिहायची, अंडरस्कोअर जिथे दाखवला आहे तिथेच ठेवून.

आधी निदान

ज्याच्याकडे मेल नीट गेली नाही त्याच्याकडून मूळ मेल मिळवा. स्क्रीनशॉटचा उपयोग नाही, नुसतं फॉरवर्ड करूनही चालत नाही. जीमेलवर तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ असतं. तिथून फाइल उतरवून ती अटॅचमेंट म्हणून पाठवायला सांगा. त्या फाइलमध्ये ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स नावाचा हेडर (मेलच्या माथ्यावरची नोंद) शोधा. डीकेआयएमबद्दल तिथे काय लिहिलंय, त्यावरून वाट ठरते.

‘बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय’ असं असेल तर सही झाल्यावर मेलचा मजकूर बदलला आहे. बॉडी हॅशचा (मजकुरावरून काढलेल्या ठशाचा) उल्लेख नसून नुसती सही चुकल्याचं म्हटलं असेल, तर सहीखालचा एखादा हेडर बदललाय किंवा डीएनएसमधली (डोमेनच्या सार्वजनिक नोंदींतली) किल्ली जुळत नाही. आणि डीकेआयएमचा उल्लेखच नसेल तर मेल सहीशिवायच बाहेर पडली आहे. सही करताना मजकुराचा हॅश काढून तो ‘बीएच’ या टॅगमध्ये ठेवतात, मग निवडक हेडर आणि तो टॅग यांच्यावर खासगी किल्लीने सही होते. म्हणूनच हे दोन बिघाड वेगवेगळे ओळखता येतात. या तीन प्रकारांची कारणं एकमेकांशी संबंधित नाहीत, तेव्हा हा हेडर पाहिल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका.

‘आमची तक्रार फक्त दोन-तीन ग्राहकांचीच आहे, म्हणजे बिघाड त्यांच्याकडेच असणार,’ हे वाक्य मला प्रत्येक कार्यालयात ऐकायला मिळतं. ते बहुधा चूक असतं. डीमार्क (‘फ्रॉम’मधलं डोमेन खरं आहे का, ही तपासणी) पास व्हायला एसपीएफ (मेल त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरच्या आयपीवरून आली का, ही तपासणी) आणि डीकेआयएम यांपैकी एक जरी ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळून पास झालं तरी पुरतं. थेट गेलेली मेल एसपीएफवर तरून जाते आणि मोडकी सही कोणाच्या लक्षातच येत नाही. पण ज्या ग्राहकाने कॉलेजच्या किंवा जुन्या कंपनीच्या पत्त्यावरून जीमेलकडे ऑटो-फॉरवर्ड लावलंय, त्याच्याकडे मेल तिसऱ्याच सर्व्हरच्या आयपीवरून येते. तिथे एसपीएफ पडतं आणि सगळा भार सहीवर येतो. थोडक्यात, सही सगळ्यांसाठीच मोडलेली असते, त्रास मात्र फॉरवर्ड लावलेल्यांनाच होतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले आहेत. वर्गणीदारांना मोठ्या संख्येने मेल धाडणाऱ्यांनी मोडकी सही तशीच ठेवणं आता परवडणारं नाही.

सही कोणत्या टप्प्यावर होते

हा भाग शांतपणे वाचा, कारण निम्म्याहून जास्त बिघाड इथेच सापडतात.

पोस्टफिक्सवर मेलमध्ये बदल करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मेल क्यूमध्ये, म्हणजे पाठवण्याच्या रांगेत, शिरताना मिल्टर नावाचा जोडप्रोग्राम तिच्यात बदल करतो. दुसरीत मेल क्यूमधून बाहेरच्या फिल्टरकडे जाते आणि बदललेली मेल पोस्टफिक्समध्ये पुन्हा आत घेतली जाते. दुसऱ्या पद्धतीत एकाच मेलला दोन क्यू आयडी मिळतात. लॉगमध्ये मेसेज-आयडीवरून शोधलं तर दोन्ही दिसतात, आणि सही कोणत्या फेरीत झाली तेही कळतं.

नेहमीचा सापळा असा. अमाविस (व्हायरस-स्पॅम तपासणारा फिल्टर) १००२४ या पोर्टवर ऐकतो आणि तपासलेली मेल १००२५ वर परत देतो. ओपनडीकेआयएम (सही करणारा मिल्टर) पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमधल्या (मेन.सीएफ) एसएमटीपीडी_मिल्टर्समध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे कर्मचाऱ्याने ५८७ या मेल देण्याच्या पोर्टवर मेल दिली की तिथल्या तिथे सही होते. नंतर मेल फिल्टरकडे जाते आणि फुटर लागतो. १००२५ च्या नोंदीत रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्समध्ये ‘नो_मिल्टर्स’ असतं, कारण बहुतेक तयार उतारे तसेच असतात. म्हणजे दुसऱ्या फेरीत सही होतच नाही आणि पहिल्या फेरीतली मोडकी सही घेऊन मेल बाहेर पडते.

‘मग १००२५ वरचं नो_मिल्टर्स काढून टाकू’ हा सोपा वाटणारा उपाय करू नका. त्याच पोर्टवरून बाहेरून आलेली मेलही जाते. ओपनडीकेआयएमला ती १२७.०.०.१ वरून, म्हणजे घरातूनच आल्यासारखी वाटते. एखाद्या भामट्याने तुमच्या संचालकांचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून २५ या बाहेरची मेल घेणाऱ्या पोर्टवर मेल पाठवली, तर तुमचाच सर्व्हर तिच्यावर तुमच्या किल्लीने सही करेल. हे मला सगळ्यांत धोकादायक वाटतं, कारण सगळं सुरळीत चाललेलं दिसत राहतं.

जाणाऱ्या मेलची वाट वेगळी काढणं, हाच योग्य उपाय. मास्टर फाइलमध्ये (मास्टर.सीएफ, जिथे पोर्टनिहाय नोंदी असतात) ५८७ च्या नोंदीखाली एसएमटीपीडी_मिल्टर्स रिकामं ठेवा आणि कंटेंट_फिल्टर म्हणून अमाविसचं १००२६ हे पोर्ट द्या. अमाविसमध्ये १००२६ ला ‘ओरिजिनेटिंग’ पॉलिसी बँक जोडा आणि तिची फॉरवर्ड_मेथड १००२७ वर वळवा. पोस्टफिक्समध्ये १००२७ ची नवी नोंद करा; ती फक्त १२७.०.०.१ वर ऐकेल, तिचं कंटेंट_फिल्टर रिकामं असेल आणि ओपनडीकेआयएम फक्त तिथेच चालेल. २५ वरून येणारी मेल जुन्याच वाटेने, म्हणजे १००२४ आणि १००२५ वरून जाऊ द्या, तिथलं नो_मिल्टर्स तसंच ठेवा. बदलानंतर बाहेर गेलेल्या मेलमध्ये डीकेआयएम-सिग्नेचर हेडर एकच आहे ना, ते पाहा. दोन दिसले तर ५८७ वरची सही अजून बंद झालेली नाही.

अमाविस नसेल आणि पाइपमधून चालणारी छोटी स्क्रिप्ट आल्टरमाइम या साधनाने फुटर लावून सेंडमेल कमांडने मेल परत देत असेल, तर प्रकार थोडा निराळा आहे. सेंडमेल कमांडने दिलेली मेल एसएमटीपीडीकडून (पोर्टवर मेल घेणारा पोस्टफिक्सचा भाग) येत नाही, पिकअपकडून (मशीनवरच दिलेली मेल उचलणारा भाग) येते. तिला एसएमटीपीडी_मिल्टर्स लागू होत नाही, नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्स लागू होतं. ही ओळ बऱ्याच सर्व्हरवर रिकामीच सापडते. तिथे ओपनडीकेआयएम लिहा आणि ५८७ वरचा काढा. कंटेंट_फिल्टर मात्र मुख्य फाइलमध्ये कधीही लिहू नका, ५८७ च्या नोंदीतच लिहा. मुख्य फाइलमध्ये असेल तर परत दिलेली मेल पुन्हा फिल्टरकडे जाते, तिथून पुन्हा परत येते, आणि हे चक्र हॉपकाउंट_लिमिटची पन्नासची मर्यादा गाठेपर्यंत चालू राहतं.

फुटर लावणारा आणि सही करणारा असे दोन्ही मिल्टरच असतील, तर काम सर्वांत सोपं. एसएमटीपीडी_मिल्टर्समध्ये ज्या क्रमाने नावं लिहाल त्या क्रमाने ते चालतात. फुटर आधी, सही नंतर.

एवढं करूनही सही चुकत असेल आणि बॉडी हॅश बरोबर येत असेल, तर एसएमटीपी_हेडर_चेक्स आणि एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स तपासा. हे दोन्ही मेल बाहेर पडताना, म्हणजे सहीनंतर लागतात. बिलिंगच्या संगणकाचा अंतर्गत पत्ता बदलून कंपनीचा पत्ता दाखवण्यासाठी जेनेरिक मॅप वापरला असेल, तर ‘फ्रॉम’ बदलतो आणि सही मोडते. तेच काम सेंडर_कॅनॉनिकल_मॅप्सने करा. तो क्लीनअपच्या, म्हणजे मेल क्यूमध्ये जाण्याआधीच्या टप्प्यावर, सहीच्या आधी लागतो.

डीकेआयएममध्ये ‘एल’ टॅग देऊन मजकुराच्या फक्त पहिल्या भागावर सही करा, म्हणजे खाली फुटर चालेल, असा एक सल्ला फिरतो. तो कोणीही मानू नये. खाली तुमचा फुटर चालत असेल तर कोणाचाही मजकूर चालतो, आणि वर सही तुमची.

गुरुवारनंतरच्या तक्रारी

भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा सुट्टीचा आणि वीज-देखभालीचा वार. सर्व्हर बंद होतो, वीज आली की चालू होतो, आणि शुक्रवारी सकाळी ‘मेल स्पॅममध्ये जातायत’ असा फोन येतो. मेल उघडली तर सहीच नसते.

यामागे दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली म्हणजे, ओपनडीकेआयएमच्या सॉकेटची (पोस्टफिक्सशी बोलण्याच्या फाइलची) डिरेक्टरी ‘रन’खाली कोणीतरी हाताने बनवून परवानग्या दिलेल्या असतात. ‘रन’ ही मेमरीत राहणारी फाइल सिस्टिम आहे, वीज गेली की तिथलं सगळं पुसलं जातं. शिवाय डेबियन आणि उबुंटूवर एसएमटीपीडी क्रूटमध्ये, म्हणजे एकाच डिरेक्टरीत कोंडलेला, चालतो, त्याला ‘व्हार-स्पूल-पोस्टफिक्स’च्या बाहेरचं सॉकेट दिसतच नाही. लॉगमध्ये मिल्टर सर्व्हिसशी जोडता आलं नाही, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, अशी ताकीद दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन ‘ॲक्सेप्ट’ केलेलं असतं. त्यामुळे मिल्टर मेला तरी पोस्टफिक्स कुरकुर न करता सहीशिवाय मेल सोडून देतं.

सॉकेट फाइलऐवजी १२७.०.०.१ वरचं ८८९१ पोर्ट वापरा, परवानग्यांचा प्रश्नच उरत नाही. सेवा बूटला आपोआप सुरू होते ना, ते बघा. आणि मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन मूळच्या ‘टेम्पफेल’वर परत न्या. मेल तासभर अडकली तर कोणीतरी विचारतं. सहीशिवाय गेली तर कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून अडकलेली मेल मला बरी वाटते. नंतर एकदा मशीन मुद्दाम रीबूट करून चाचणीची मेल पाठवा, गुरुवारची वाट पाहू नका.

मराठी मजकुराच्या खास अडचणी

इंग्रजी मेलवर सगळं चालतं आणि मराठी मेलवर मोडतं, हा प्रकार प्रकाशकांकडे आणि पतसंस्थांकडे जास्त दिसतो. याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं मला दिसत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कि’ मध्ये क आणि वेलांटी अशी दोन चिन्हं, म्हणजे सहा बाइट. मेलच्या एका ओळीची मर्यादा ९९८ बाइट आहे. इंग्रजी परिच्छेद एका ओळीत लिहिला तरी बहुधा मर्यादेत बसतो. मराठीत मात्र साधारण पन्नास-साठ शब्दांचा, मध्ये एंटर न मारलेला परिच्छेद ही मर्यादा ओलांडतो. अशी मेल एन्कोडिंग न करता, ८-बिट स्वरूपातच आली, तर पोस्टफिक्सचा एसएमटीपी क्लायंट बाहेर पाठवताना ९९८ बाइटांवर ओळ तोडतो आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस घालतो. ही तोडफोड सहीनंतर होते, त्यामुळे बॉडी हॅश चुकतो. तोड एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधोमध पडली तर ते चिन्ह फुटतं आणि वाचणाऱ्याला चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. परिच्छेदात बऱ्याच पुढे गेल्यावर एखादंच अक्षर तुटलेलं असेल, तर फॉन्टला दोष देण्याआधी ही शंका घ्या.

दुसरं असंच कारण म्हणजे पुढचा सर्व्हर ‘८बिटमाइम’ची (८-बिट मजकूर तसाच घेण्याची) सोय जाहीर करत नाही. अशा वेळी पोस्टफिक्स ८-बिट मजकूर वाटेतच क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये (साध्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात) बदलतं. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही, पण सहीच्या दृष्टीने मजकूर बदललेला असतो. डिसेबल_माइम_आउटपुट_कन्व्हर्जन चालू केलं की हे थांबतं, पण ज्या सर्व्हरला ८-बिट मजकूर कळत नाही त्याच्यावर तो लादणं मला पटत नाही.

दोन्हींवर एकच औषध आहे: सहीच्या आधीच मजकूर बेस६४ किंवा क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये बसवा. देवनागरीसाठी बेस६४ घ्या. त्यात एका चिन्हाला चार अक्षरं लागतात, क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये नऊ. बरेच मेल क्लायंट हे स्वतःच करतात. ८-बिट मजकूर सोडणारे बहुधा कार्यालयातलं बिलिंग सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म किंवा फुटर लावणारी स्क्रिप्टच असतात. फुटरची स्क्रिप्ट पायथनमध्ये असेल तर ईमेल पॅकेजच्या सेट_कंटेंटला सीटीई म्हणून बेस६४ सांगता येतं.

आता फुटरच मराठीत असेल तर. स्क्रिप्ट फुटरचे यूटीएफ-८ बाइट तसेच्या तसे शेवटी चिकटवते, आणि मेलच्या त्या भागावर मात्र आयएसओ-८८५९-१ असं लिहिलेलं असतं, कारण कर्मचाऱ्याने मजकूर इंग्रजीत लिहिला होता. मग प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन-तीन विचित्र खुणा दिसतात. पहिली, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’. दुसरी, चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह. तिसरी कधी दिसते, कधी नाही. तळाशी येनची चिन्हं सांडलेली दिसली की बिघाड कॅरसेटमध्ये (मजकुराच्या अक्षर-एन्कोडिंगच्या नोंदीत) आहे असं निश्चित समजा. उपाय एकच: तो भाग आधी डीकोड करायचा, यूटीएफ-८ मध्ये आणायचा, फुटर जोडायचा आणि कंटेंट-टाइपचा कॅरसेट बदलून पुन्हा एन्कोड करायचा. आल्टरमाइम इंग्रजी फुटरसाठी ठीक आहे. मराठी फुटरसाठी मी स्क्रिप्टच लिहितो.

मेलमध्ये साधा आणि एचटीएमएल असे दोन भाग असतील तर फुटर दोन्हींत जोडायचा, एचटीएमएलमध्ये बॉडी टॅग बंद होण्याच्या आधी.

फुटर दोनदा

एकाच मेलवर सुरुवातीलाच दोन फुटर असतील तर ती दोनदा फिल्टरमधून जाते आहे. पोस्टकॉन्फला कॅपिटल ‘पी’ देऊन मास्टर फाइलमधल्या सगळ्या नोंदींची सेटिंग्ज एकत्र पाहा. कंटेंट_फिल्टर दोन ठिकाणी सापडेल. ग्राहकाला अख्खी मेलच दोनदा जात असेल तर कारण वेगळं आहे: गटाच्या पत्त्याचा विस्तार फिल्टरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा होतो. पहिल्या फेरीच्या रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्समध्ये नो_ॲड्रेस_मॅपिंग्ज घाला.

उत्तराला उत्तर देत गेल्यावर खाली फुटरांचा ढीग साचतो, तो भाग जास्त किचकट आहे. स्वतःचा एक्स-हेडर लावून उपयोग होत नाही, कारण उत्तरात तो हेडर येत नाही. कच्च्या मेलमध्ये ग्रेप या शोध-कमांडने फुटरचं वाक्य शोधणंही फसतं. बेस६४ तीन-तीन बाइटांचे गट पाडतं, आणि मजकुरात एक स्पेस वाढली तरी पुढचे सगळे गट सरकतात, त्यामुळे तेच वाक्य वेगळं दिसतं. मजकूर डीकोड करून मगच शोधा. सीआयएन हा आकडा शोधायला उत्तम, तो सहसा बदलत नाही आणि रोमन अक्षरांतच असतो.

एस-माइम किंवा पीजीपीने सही केलेल्या मेलला फुटर लावू नका, पाठवणाऱ्याची स्वतःची सही मोडते. मल्टिपार्ट-साइन्ड दिसलं की स्क्रिप्टने मेल तशीच पुढे द्यावी. मीटिंगच्या आमंत्रणातला टेक्स्ट-कॅलेंडर भागही सोडा. आणि तुमची मेल दुसऱ्या कोणाच्या रिलेमधून जात असेल व तो रिले तिथे मजकुरात काही घालत असेल, तर तुमच्या सर्व्हरवर काहीही करून उपयोग नाही. सही त्यांच्याकडेच करून घ्या.

बदल करताना

मुख्य फाइलमध्ये सॉफ्ट_बाउन्स चालू करा, म्हणजे चूक झाली तरी मेल परत न जाता क्यूमध्ये राहते. फिल्टरच्या स्क्रिप्टमध्ये मेलची आधीची आणि नंतरची प्रत काही दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये साठवा. बाहेर पोहोचलेली फाइल आणि ‘नंतरची’ प्रत यांचा डिफ (ओळींमधला फरक) काढला की सहीनंतरचा हात कोणाचा ते ओळीनिशी दिसतं. पोहोचलेली फाइल डीकेआयएम-पाय पॅकेजमधल्या डीकेआयएमव्हेरिफायला दिली तर निकाल तुमच्याच मशीनवर मिळतो. हेडरचा संशय असेल तर ओपनडीकेआयएममध्ये डायग्नॉस्टिक्स चालू करा. तो सही करतानाचे मूळ हेडर ‘झेड’ टॅगमध्ये सोबत पाठवतो.

चाचणीला एकच इंग्रजी ‘टेस्ट’ पाठवून थांबू नका. एंटर न मारलेला लांब मराठी परिच्छेद, अटॅचमेंटसह एचटीएमएल मेल, फोनवरून दिलेलं उत्तर, बिलिंग सॉफ्टवेअरची पावती, आणि यातली प्रत्येक एकदा थेट जीमेलला, एकदा फॉरवर्ड लावलेल्या पत्त्यावर. सगळीकडे डीकेआयएम पास आलं की सॉफ्ट_बाउन्स काढा आणि पोस्टफिक्स रीलोड करा. ते राहून गेलं तर चुकीच्या पत्त्यांच्या मेलसुद्धा पाच दिवस क्यूमध्ये पडून राहतील आणि पाठवणाऱ्याला त्या पोहोचल्या असंच वाटत राहील.